म्हातारीचा पगार आणि घराचा कागद



मागे वारंगा फाट्याजवळच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपली, बाया पायऱ्या उतरायला लागल्या, तेव्हा एक आजी मागं थांबल्या. कापडी पिशवीतून त्यांनी दोन कागद काढले. एक बँकेचं पासबुक, दुसरी घरपट्टीची पावती. म्हणाल्या, "माय, घरावर बँक महिन्याच्या महिन्याला पैसे देती म्हणं. नातवानं मोबाईलात पाहिलं. मला भेटतील का?"

पासबुकावर आजीचं स्वतःचं नाव होतं. श्रावणबाळचा पगार त्यात जमा होतो. घरपट्टीच्या पावतीवर मात्र त्यांच्या सासऱ्याचं नाव होतं. सासरे जाऊन कित्येक वर्षं झाली, पाठोपाठ मालकही गेले. आजी त्या घरात नवरी म्हणून आल्या, दरवर्षी भिंती सारवल्या, पत्रे बदलले, पट्टी भरली. कागदाला मात्र त्या माहीतच नाहीत.

त्या दिवशी मी आजींना घाईत अर्धंच उत्तर दिलं. आज पूर्ण देते. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, कारण आजीच्या हातातल्या त्या दोन कागदांमागं मोठा इतिहास आहे.

आपल्या आज्या-पणज्यांचा म्हातारपणाचा आधार काय होता? एक म्हणजे लेक, आणि दुसरा अंगावरचा दागिना. गोठ, पाटल्या, वाळे, सरी. शास्त्रात त्याला स्त्रीधन म्हणत. शेत-घर घराण्याचं आणि चांदी बाईची, असा हिशोब. पण दुष्काळ पडला, आजारपण आलं, पोरीचं लग्न निघालं की पहिल्यांदा सराफाकडं जायची ती बाईचीच चांदी. १९७२ च्या दुष्काळात किती घरांतले गोठ मोडले, ते आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मोडलेले गोठ बहुतेकींच्या हातात परत आले नाहीत. उरला तो लेकाचा आधार. लेक चांगला तर म्हातारपण चांगलं.

जमीन आणि घर यांत विधवेला थोडा हक्क देणारा कायदा इंग्रजांच्या राज्यात १९३७ साली झाला. त्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाएवढा वाटा दिला, पण जिवंत असेपर्यंतच. ती तो वापरू शकायची, पण आपल्या मर्जीने विकू किंवा देऊ शकायची नाही. शेतजमीन तर त्या कायद्यात धरलीच नव्हती. शिवाय तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, आणि आपला मुलूख निजामाच्या राज्यात. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. आपलं हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला.

स्वातंत्र्य मिळाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री होते. बाईला वारसा, घटस्फोट, दत्तक या सगळ्यांत हक्क देणारं हिंदू कोड बिल त्यांनी संसदेत लावून धरलं. विरोध फार झाला, बिल रखडलं, आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत या बिलाचं रखडणं हे मोठं कारण होतं. पुढं त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला.

हे साल लक्षात ठेवा. या कायद्याने सांगितलं की माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलं, मुली आणि आई यांना सारखा वाटा. समजा नवरा गेला, मागं बायको, दोन मुलं आणि एक मुलगी. सासू हयात नाही. मग चार सारखे वाटे होतात आणि त्यातला एक बायकोचा. तो तिचा पूर्ण मालकीचा, जिवंत असेपर्यंतचा उसना नाही. हा कायदा हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख बायांनाही लागू आहे. आपल्या मुसलमान बहिणींचा वारसा शरीयतप्रमाणे चालतो. तिथं मुलंबाळं असली तर विधवेला आठवा हिस्सा आणि मुलीला मुलाच्या निम्मा. म्हणजे तिथंही बाईचा वाटा ठरलेला आहे, शून्य नाही.

पण १९५६ च्या कायद्यात घराबाबत एक खोच होती. त्याच्या तेविसाव्या कलमात लिहिलं होतं, की कुटुंब ज्या घरात राहतं त्या घराची वाटणी लेकीला मागता येणार नाही. मुलगे वाटणी करतील तेव्हाच तिचा वाटा. त्या घरात राहायचा हक्कही बिनलग्नाची, विधवा किंवा टाकलेली लेक असेल तरच. कागदावर वाटा होता, पण दार लेकाच्या हातात होतं. हे कलम तब्बल ४९ वर्षं टिकलं.

मधल्या काळात आपल्याच शेतकरी बायांनी एक मोठं काम केलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं नाव आपल्या भागात नवं नाही. १९८४ साली परभणीला त्यांचं अधिवेशन झालं होतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. गावागावांतून बैलगाड्या, ट्रक, एसट्या भरून बाया आल्या. शेतकऱ्याला भाव मागणारी संघटना, पण तिथं बायांनी विचारलं की घरात आमच्या कामाचा भाव काय? त्यातून पुढं 'लक्ष्मीमुक्ती' निघाली. नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर थोडी जमीन करायची. ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव त्यात पुढं आलं. कोर्ट नाही, भांडण नाही. नवरे तलाठ्याकडं गेले आणि नावं लावून आले.

सरकारनेही त्याची दखल घेतली. सप्टेंबर १९९२ मध्ये महसूल खात्याने परिपत्रक काढलं, की नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावावं. हे परिपत्रक आजही 'लक्ष्मीमुक्ती योजना' म्हणून ओळखलं जातं. अट एकच, नवरा जिवंत असताना त्याने अर्ज करायचा. म्हणून ज्यांचे मालक हयात आहेत त्यांनी ही गोष्ट आज रात्रीच जेवताना काढा.

पुढं २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने वारसा कायदा सुधारला. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकासारखा जन्मापासूनचा हक्क मिळाला, पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या लेकी सुटल्या. मग ९ सप्टेंबर २००५ ला देशाचा कायदा सुधारला. लग्न झालेली, न झालेली, सगळ्या लेकी सारख्या झाल्या, आणि घराबाबतचं ते तेविसावं कलमही पुसलं गेलं. तरी शंका राहिली होती, की २००५ च्या आधी वडील वारले असतील तर लेकीला हक्क आहे का? ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असायची गरज नाही.

हा झाला घराच्या कागदाचा इतिहास. आता पासबुकाचा.

निराधाराला सरकारने दरमहा काही द्यावं, ही गोष्ट आपल्या राज्यात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजनेने पक्की झाली. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, मोठ्या आजाराने खाटेला खिळलेले, असे लोक त्यात येतात. देशपातळीवर वृद्धांची पेन्शन सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हा केंद्र सरकार ६५ च्या पुढच्या निराधार माणसाला महिन्याला ७५ रुपये द्यायचं. २००७ साली तिला इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना हे नाव मिळालं आणि २०११ साली वय ६० वर आलं. पण केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये, तिथंच थांबून आहे. वरची भर राज्य सरकार घालतं. आपल्याकडं ६५ पूर्ण झालेल्यांना श्रावणबाळ योजनेत घेतात. संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्हींचा महिन्याचा पगार २०२३ साली १,००० वरून १,५०० रुपये झाला.

आता नीट ऐका, कारण पुढच्या काही वर्षांत आपल्यातल्या पुष्कळ जणी इथं अडकणार आहेत. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून आली. तिचं वय २१ ते ६५ आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. म्हणजे ६५ पूर्ण झाली की ती बंद. पुष्कळ बायांना वाटतं, मग आपोआप श्रावणबाळ सुरू होईल. तसं होत नाही. श्रावणबाळचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि त्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, महिन्याला अवघे १,७५०. एका योजनेतून दुसरीत जाताना मधलं अंतर एवढं मोठं आहे. म्हणून वयाचा पुरावा, राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधारला जोडलेलं बँक खातं ही तयारी चौसष्टीतच करून ठेवा. आधारवर वय चुकलं असेल तर ते आत्ता दुरुस्त करा. आणि पगार सुरू झाला की वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर जिवंत माणसाचा पगार थांबतो.

ज्या लेकीसुना अजून चाळिशीच्या आत आहेत त्यांच्यासाठी अटल पेन्शन योजना आहे, २०१५ पासूनची. वय १८ ते ४०. साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपये पेन्शन. हजाराच्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला ४२ रुपये लागतात, तीसाव्या वर्षी ११६ आणि चाळिसाव्या वर्षी २९१. जितका उशीर तितका भार. बचत गटाच्या बैठकीतच ज्या इन्कम टॅक्स भरत नाहीत अशा चाळिशीच्या आतल्या बायांची यादी करा आणि सगळ्या मिळून बँकेत जा.

आता आजीच्या प्रश्नाकडं येऊ. घरावर बँक दरमहा पैसे देते का?

देते, पण कुणाला ते पाहा. या प्रकाराला रिव्हर्स मॉर्गेज म्हणतात, आपण उलटं गहाण म्हणू. साध्या गहाणात आपण एकदम पैसे घेतो आणि हप्ते फेडतो. उलट्या गहाणात घर बँकेकडं तारण राहतं, म्हातारा माणूस त्याच घरात राहतो, आणि बँकच त्याला हप्ते देते. माणूस गेल्यावर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं, नाहीतर बँक घर विकून आपले पैसे घेते आणि उरलेले वारसांना देते. अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंड गावी १९६१ साली एका पतपेढीने असं पहिलं कर्ज दिलं, ते एका विधवा बाईलाच. नवरा गेल्यावर तिला राहतं घर सोडावं लागू नये म्हणून. आपल्या देशात २००७ च्या बजेटात ही योजना जाहीर झाली आणि राष्ट्रीय आवास बँकेने तिचे नियम केले. वय ६० च्या पुढं, घर स्वतःच्या कमाईचं, स्वतः त्यात राहत असलेलं, आणि मालकीचा कागद निर्वेध. पण शहरांतसुद्धा फार थोड्या लोकांनी ती घेतली. घर पोरांना ठेवायचं असतं, ही आपली रीत त्याच्या आड आली.

आपल्या गावठाणातल्या घरांना तर ती जवळजवळ लागूच होत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, बँक तिला पक्की मालकी मानत नाही. आणि गावातलं घर उद्या विकायचं तर गिऱ्हाईक कोण, हाही बँकेचा प्रश्न असतो. म्हणून आजी, खरं सांगते, ते पैसे तुम्हाला भेटणार नाहीत. आणि 'घरावर पेन्शन मिळवून देतो, इथं अंगठा करा' असं म्हणत कुणी दारात आलं, तर त्याला ओटा चढू देऊ नका.

मग घर म्हातारपणी काहीच देत नाही का? देतं. त्यासाठी घरावर आपलं नाव पाहिजे.

वारंगा फाट्याचंच बघा. नांदेडहून येणारा रस्ता इथं फुटतो, एक हिंगोली-अकोल्याकडं, एक हदगाववरून नागपूरकडं. रस्ते मोठे होतात तेव्हा जमिनी जातात आणि मोबदला येतो. तो मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जातो. रस्त्याकडेच्या खोलीचं भाडं येतं, ते ज्याच्या नावावर खोली तो घेतो. घरकुलाचा हप्ता येतो तो ज्याच्या नावावर मंजुरी त्याच्या खात्यात. म्हणून तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या नियमात घरकुल नवरा-बायको दोघांच्या किंवा बाईच्या एकटीच्या नावाने द्यायची तरतूद आहे. घरात घरकुल मंजूर झालं असेल तर मंजुरीच्या कागदावर कुणाचं नाव आहे ते आज वाचून घ्या.

गावठाणाचा कागदही आता बदलतो आहे. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा पहिला प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० ला तेच काम स्वामित्व योजना म्हणून देशभर सुरू झालं. मोजणी झाल्यावर घराघराची सनद आणि मिळकत पत्रिका तयार होते. आपल्या गावची मोजणी झाली असेल किंवा व्हायची असेल, ही वेळ फार महत्त्वाची आहे. जुन्या नमुना आठवर मेलेल्या सासऱ्याचं नाव असेल, तर नव्या कागदावर ते नाहीतर एकट्या थोरल्या लेकाचं नाव उतरतं. म्हणून आधी वारस नोंद करा. नवरा हयात असेल तर नमुना आठवर दोघांची नावं लावायचा अर्ज ग्रामसेवकाकडं द्या आणि पोच घ्या.

शेवटची गोष्ट सगळ्यात नाजूक आहे, आणि बाया इथंच फसतात. नवऱ्याच्या दिवसांत, डोळे ओले असताना, कुणीतरी कागद पुढं करतो. "माय, सही कर, नाव लावायचंय." तो कागद हक्कसोडीचा असू शकतो. नोंदणी कार्यालयात जाऊन हक्कसोड झाली की वाटा गेला. वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही, हा नियम गटाने सगळ्यांसाठी करावा. लेकाला घर द्यायची इच्छा असेल तर जरूर द्या, पण मृत्युपत्राने द्या. मृत्युपत्र आपण गेल्यावर लागू होतं, तोपर्यंत घर आपलं राहतं आणि मन बदललं तर कागदही बदलता येतो. दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्प लागत नाही. बक्षीसपत्र केलं तर घर त्याच दिवशी जातं.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात लिहून घ्या, की मी जिवंत असेपर्यंत मला याच घरात ठेवायचं, जेवण-औषध बघायचं. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पोषणाचा कायदा झाला आहे. अशी अट घालून दिलेलं घर घेऊन लेकाने आईला वाऱ्यावर सोडलं, तर ते देणं रद्द करता येतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगीचा हुकूमही तिथं होऊ शकतो.

त्या आजींना मी दुसऱ्यांदा भेटले तेव्हा त्या नातवाला घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन आल्या होत्या. सासऱ्याच्या आणि मालकाच्या मृत्यूचे दाखले शोधायला सांगितलंय म्हणाल्या. एक दाखला सापडला, दुसरा शोधतायत. वेळ लागेल. पण श्रावणबाळच्या १,५०० रुपयांत महिना निघत नाही, तेव्हा निदान डोक्यावरचं छप्पर कुणाच्या मर्जीवर नको, हे त्यांना पटलं आहे. नातू मोबाईलवर बँकेचं कर्ज शोधत होता, आता तोच वारस नोंदीचा अर्ज लिहितो आहे.

तुम्ही पण आज घरी गेल्यावर पेटीतली घरपट्टीची पावती काढा. शिकलेल्या लेकीला नाहीतर नातीला वाचायला सांगा. नाव कुणाचं आहे ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.